‘त्यांची’ वस्ती कुठे, हे विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न वाचला तेव्हा मी नाईट करून आले होते. झोपायच्या आधी दोन ओळी लिहून टाकू म्हटलं, नाही जमलं. आज तिसरा दिवस. तसा प्रश्न साधाच आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलची ऑफर आली आहे, नवरा आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार, घर कोणत्या भागात बघावं? आणि खाली तू लिहिलंयस, "ह्यांचं म्हणणं, ‘त्यांची’ वस्ती सोडून कुठेही चालेल. २०२२ला तिथे दंगल झाली होती ना ताई? शाळेत पण तीच मुलं जास्त असतात म्हणे. आपल्या लोकांना त्रास होतो का?"

व्हिसा, पगाराची अट, आरोग्याचा अधिभार हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि ते सारखं बदलतं. मी सांगितलेलं तू पोचेपर्यंत शिळं होईल. मी आले तेव्हा पाच वर्षांनी कायमचं राहता यायचं, आता त्याची दहा करायचं चाललंय, एवढं धरून चाल. मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे नावाची. माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव आणि मधे वडील. पासपोर्टावर सासरचं आडनाव आणि मधे नवरा. इथल्या फॉर्मला मधलं नाव म्हणजे तुझंच दुसरं नाव वाटतं. बाईच्या नावाच्या मधोमध एक पुरुष बसलेला असतो हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही, आणि खरं सांगू, समजावताना माझ्याही डोक्यात शिरेनासं झालं. प्रतिज्ञापत्र केलं, गॅझेट केलं, लग्नाचा दाखला इंग्रजीतून काढला, तरी इथल्या नोंदणीवाल्यांचं पत्र, की या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. आपल्याकडच्या कार्यालयातून एक सही हवी होती, तर साहेब रजेवर. चार महिने साहेब रजेवर होते. तेव्हा तिकिटाच्या आधी प्रत्येक कागदावर एकच नाव, एकाच स्पेलिंगनं करून घे. मुलीच्या जन्मदाखल्यावरचं सुद्धा तपास.

एकटेपणाचंही विचारलंयस. असतो. मुलगा दहा महिन्यांचा असताना आईपाशी ठेवून आले. सात महिन्यांनी नवरा त्याला घेऊन आला तेव्हा विमानतळावर तो माझ्याकडे येईना. होतं पुढे सगळं नीट. गरम कपडे इथेच घे, तिकडचे स्वेटर इथल्या वाऱ्याला पुरत नाहीत.

आता घर.

लेस्टरचा नकाशा तुला कुणीही काढून देईल. बेलग्रेव्ह आणि मेल्टन रोडला गुजराती हिंदू, साड्यांची दुकानं, सराफ, दिवाळीत सगळा रस्ता दिव्यांनी झगमगतो. स्पिनी हिल्स, नॉर्थ एव्हिंग्टन, ग्रीन लेन रोड या बाजूला मुसलमान. ओडबीला डॉक्टर लोक आणि मोठ्या गाड्या. पश्चिमेला नार्बरो रोडवर जगातलं कुणीही. २०२१च्या जनगणनेत या शहरात ख्रिश्चन २४.७ टक्के, मुसलमान २३.५, कुठलाच धर्म नाही असं सांगणारे २३, हिंदू १७.९. म्हणजे इथे बहुसंख्य असं कुणी नाहीच. आपल्या सवयीचं गणित इथे बसत नाही, आणि ते न बसल्यानं माणूस अस्वस्थ होतो. मी तरी झाले.

२०१५च्या नोव्हेंबरात मी आधी बेलग्रेव्हलाच घर बघितलं. ‘आपले’ लोक म्हणून. मालकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, व्हेज की नॉनव्हेज. दुसरा, आडनाव काय. मी मिरजेची, आमच्याकडे बुधवार-रविवार रस्सा. खोटं बोलायला हवं होतं, नाही बोलले. घर गेलं. मग एव्हिंग्टनच्या बाजूला हॉस्पिटलपासून पायी पंधरा मिनिटांवर एक जागा मिळाली. तिथल्या मालकांनी काहीच विचारलं नाही, फक्त बॉयलर कसा चालवायचा ते तीनदा दाखवलं. त्यांचा जन्म कंपालाचा. १९७२ला युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं तेव्हा वडिलांचं बोट धरून आलेले. मूळ गाव भरूचकडचं. लेस्टरच्या पालिकेनं त्या वेळी युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की तुमच्याच हितासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका. मालक हसत सांगायचे, आमच्या वडिलांनी लेस्टर हे नाव पहिल्यांदा त्या जाहिरातीतच वाचलं.

आईला मी फोनवर सांगितलं, मालक गुजराती आहेत, फार सज्जन. खोटं नव्हतंच ते. ते मुसलमान आहेत हे आईला कळायला तीन वर्षं गेली, आणि तेही मी नाही सांगितलं, पोरानं सांगितलं: "आजी, आज ईद आहे, आम्हाला शेवयांची खीर आली."

आणि ही मी मिरजेची, हे लक्षात घे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, उरुसात तिथे रात्रभर गाणं चालतं. मला आजोबांनी खांद्यावर बसवून नेलेलं आठवतं. तंबोरे आणि सतारी करणारी घरं आमच्या शाळेच्या वाटेवर, वाळत घातलेले भोपळे मोजत आम्ही शाळेत जायचो. गावाकडे जत्रेचं बकरं कापायला मुलाणीच लागतो, तो आल्याशिवाय पातेलं चुलीवर चढत नाही. इथे आल्यावर सासूबाईंनी काळजीनं विचारलं, शाळेत पोराला हलाल तर देत नाहीत ना? म्हटलं, अहो आई, आपण जन्मभर दुसरं काय खाल्लं? त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

पण मिरज म्हणजे नुसती सतार नव्हे. २००९च्या गणपतीत अफजलखानाच्या वधाच्या चित्राच्या कमानीवरून जे पेटलं, ते मी पाहिलंय. संचारबंदी होती, गणपती मंडपातच बसून राहिले. मी तेव्हा नवी स्टाफ नर्स. टाके घालून घ्यायला बसलेल्या माणसांची नावं रजिस्टरात लिहिताना माझा हात आडनावाशी थांबायचा. कुणालाच नाही कळलं ते. मला कळलं.

शाळेचं सांगते, कारण ते अजून सलतं. पोराची शाळा २०१९ला सुरू व्हायची होती. इथे १५ जानेवारीच्या आत पसंतीच्या शाळा लिहून द्याव्या लागतात. तुझी मुलगी वर्षाच्या मधेच येईल, तुला वेगळा फॉर्म असेल. सगळे सांगतात, शाळेचा तपासणी अहवाल वाचा, निकाल बघा. मी काय केलं? तीन शाळांच्या फाटकांसमोर संध्याकाळी सव्वातीनला उभी राहिले आणि न्यायला आलेल्या बायकांचे हिजाब मोजले. खरंच मोजले, बोटांवर. ज्या शाळेसमोर कमी, ती पहिली पसंती. जिथे सगळ्यांत जास्त, ती तिसरी. मिळाली तिसरीच, घराला लागून होती म्हणून. अपील केलं. अपिलाच्या पत्रात लिहिलं की मुलाला चालायला रस्ता सुरक्षित नाही. त्या रस्त्यावर एक झेब्रा क्रॉसिंग आणि मुलांना रस्ता पार करून देणाऱ्या एक पिवळ्या कोटातल्या आजीबाई होत्या.

अपील फेटाळलं गेलं. शाळा चांगली निघाली. पोरगं पहिल्या वर्षातच वाचायला लागलं. मालकांचा नातू त्याच्याच वर्गात, दोघं आमच्या मागच्या अंगणात चेंडू हरवायचे आणि मालकीणबाई कुंपणावरून नवीन टाकायच्या.

तरी सगळं गोड नव्हतं. दुसरीत असताना गणपतीच्या दिवशी मी पोराला गंध लावून पाठवलं. वर्गातल्या दोन पोरांनी ‘तुम्ही गाईची लघवी पिता’ म्हणून दिवसभर छळलं. मी बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, मुलं आहेत, आम्ही बोलू. कुठे लिहून ठेवलं नाही, काही नाही. हे तू विसरू नको, पुढचं वाचताना.

२०२२. २८ ऑगस्टला दुबईत आशिया चषकाची भारत-पाकिस्तान मॅच झाली, आपण जिंकलो. बेलग्रेव्हला पोरं रस्त्यावर आली, घोषणा, मग मारामारी. मग तीन आठवडे धुमसत राहिलं. मुसलमान मुलीला हिंदूंनी पळवायचा प्रयत्न केला अशी अफवा फिरली. असं काही घडलंच नाही, हे पोलिसांनी सांगेपर्यंत ती शहरभर झाली होती. १७ सप्टेंबरला, शनिवारी, तोंडं झाकलेल्या हिंदू पोरांचा घोळका ‘जय श्रीराम’ म्हणत ग्रीन लेन रोडच्या बाजूनं गेला. त्याच रात्री मेल्टन रोडला देवळाबाहेरचा झेंडा कुणीतरी ओढून काढला. कोण आधी, कोण नंतर, यावर आजही दोन्हीकडची माणसं तुला तास तासभर ऐकवतील. मी त्यात नाही पडत.

मला आठवतं ते हे, की माझा भाऊ मिरजेतून मला लेस्टरचे व्हिडिओ पाठवत होता. मी लेस्टरमध्ये राहत होते, माझी खिडकी बंद होती, आणि माझ्या शेजारच्या रस्त्यावर काय चाललंय ते मला मिरजेतून कळत होतं. अर्धं जुनं, अर्धं कुठलंतरी. त्याच संध्याकाळी मालकांचा निरोप आला होता, गाडी रस्त्यावर ठेवू नका, आमच्या दारात आणून लावा. नवऱ्यानं नेऊन लावली. गाडी त्यांच्या दारात, आणि मी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून भावाशी बोलत होते.

सोमवारी राणीच्या अंत्ययात्रेची सुट्टी. मंगळवारी दुपारी शाळेतून फोन, दोघांनी या.

इथे अशा बैठकीच्या टेबलावर टिश्यूचा डबा आधीच ठेवलेला असतो. सात वर्षांच्या माझ्या पोरानं डब्याच्या सुट्टीत मालकांच्या नातवाला सांगितलं होतं, तुम्ही लोक पाकिस्तानात जा. ज्याचा आजा कंपालाचा, पणजा भरूचचा, ज्यानं पाकिस्तान फक्त क्रिकेटच्या धावफलकावर पाहिलेलं, त्याला. तो रडला नाही म्हणे. त्यानं विचारलं, का?

शाळेनं ती ‘वांशिक घटना’ म्हणून नोंदवली. माझं रक्त उकळलं. घरी येऊन तीन पानी पत्र लिहिलं. गाईच्या लघवीचं तेव्हा तुम्ही लिहून घेतलं नाहीत, आणि आमच्या पोराचं मात्र लगेच? हिंदू मुलाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा? पत्र मला आजही पाठ आहे, इंग्रजी चांगलं जमलंय त्यात. शाळेचं उत्तर आलं की नोंद काढता येत नाही. दुसरं पत्र लिहिलं. आपल्या लोकांच्या मंडळातल्या एकानं सल्ला दिला, वरपर्यंत जा, आपण सोडायचं नाही. मी गेलेही. तिथूनही तेच उत्तर आलं.

त्या पत्रातली एकही गोष्ट खोटी नाही. आधीच्या वर्षी त्यांनी लिहून घ्यायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण तीन पानांत मी एक वाक्य लिहिलं नाही. पोराला विचारलं होतं, कुठे ऐकलंस हे? तो म्हणाला, मामा म्हणाला. मामा म्हणाला हे खरंच, पण पोळी लाटता लाटता ‘हो ना’ मी म्हटलं होतं. ते त्यानं सांगितलं नाही. सात वर्षांचं पोर आईला सांभाळून घेत होतं की त्याला ते आठवत नव्हतं, मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलेलं नाही.

मालकांनी यावर एक शब्द काढला नाही. भाडंही वाढवलं नाही. ईदला खीर आली, दर वर्षीसारखीच, फक्त नातू घेऊन नाही आला, मालकीणबाई स्वतः आल्या. मी आत बोलवलं, त्या म्हणाल्या घाई आहे. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही घर बदललं. सगळ्यांना सांगितलं, पार्किंगचा त्रास होता म्हणून.

आता तुझा खरा प्रश्न, आपल्या लोकांना त्रास होतो का.

२०२४चं सांगते. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. करणारा आश्रय मागायला आलेला मुसलमान आहे अशी अफवा काही तासांत पसरली. तो निघाला कार्डिफमध्येच जन्मलेला, रवांडाहून आलेल्या ख्रिस्ती घरातला सतरा वर्षांचा मुलगा. पण साउथपोर्टच्या मशिदीवर हल्ला व्हायचा तो झालाच. रॉदरहॅमला आश्रितांचं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला. मिडल्सब्रोत गाड्या अडवून विचारत होते, गोरा आहेस का, इंग्लिश आहेस का. सन्डरलंडला ड्यूटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सच्या टॅक्सीवर दगड पडले. फिलिपिनो बाई सहसा मुसलमान नसते आणि नर्सच्या कपाळावर धर्म लिहिलेला नसतो. आपल्या वकिलातीनंही भारतीयांना जपून राहा असं सांगितलं. आमच्या गल्लीत काही झालं नाही. फक्त दुकानं दुपारीच बंद व्हायला लागली.

त्या आठवड्यात वॉर्डात एक गोरे आजोबा होते, खुब्याचं हाड मोडलेले, स्वभावानं गोड. मी आणि एक हेल्थकेअर असिस्टंट, हिजाब घालणारी, दोघी मिळून त्यांच्या अंगाखालची चादर बदलत होतो. टीव्हीवर बातम्या चालू. आजोबा माझा हात थोपटून म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही हं पोरी. तू चांगली. आम्हाला त्रास आहे तो त्या मुस्लिमांचा." मध्ये आजोबा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. चादरीचं एक टोक माझ्या हातात, एक तिच्या.

मी काही बोलले नाही. पेशंटशी वाद घालायचा नसतो, हे मला नंतर आठवलं. त्या क्षणी मला काय वाटलं होतं ते सांगते, कारण ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. शाळेत बाईंनी सगळ्या वर्गासमोर शाबास म्हटल्यावर वाटतं तसं. तिनं चादरीचा कोपरा नीट दुमडला, गादीखाली खोचला आणि आजोबांना विचारलं, उशी उंच करू का?

रात्री नऊला शिफ्ट संपली तेव्हा तीच म्हणाली, बसनं नको जाऊस आज, मी सोडते. गाडीत आम्ही ऑफ-ड्यूटीच्या तक्त्यावर बोललो, मॅनेजरला शिव्या घातल्या. मी उतरताना सॉरी म्हणणार होते. थँक्यू म्हटलं.

मागच्या उन्हाळ्यात, २०२५ला, ठिकठिकाणी विजेच्या खांबांवर लाल क्रॉसचे, म्हणजे इंग्लंडचे, झेंडे लागले, सप्टेंबरात लंडनला बाहेरून आलेल्यांच्या विरोधात लाखाच्या वर लोकांचा मोर्चा निघाला. तेव्हा आपल्या मराठी लोकांच्या एका जेवणात हा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, गोऱ्यांचं चूक नाही, ते आपल्यावर नाही चिडलेले. मला ते आजोबा आठवले. त्याच जेवणाला एका कोकणी मुसलमान आजींना बोलवावं असं मी आधी सुचवलं होतं. म्हसळ्याकडच्या त्या, औषधाच्या दुकानात भेटतात, माझ्याशी त्यांच्या बोलीत मराठी बोलतात आणि मला दुकानातून निघवत नाही. ग्रुपवर उत्तर आलं होतं, राहू दे ना, आपलं आपलं असू दे. मी अंगठ्याचं चित्र टाकलं होतं.

तर त्रास. होतो आणि होत नाही. दहा वर्षांत मला रस्त्यावर दोनदा शिवी ऐकू आली, एकदा थुंकला कुणीतरी, अंगावर नाही पडली. शिवी दोन्ही वेळा ‘पाकी’ हीच होती. पहिल्या वेळी माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मी पाकिस्तानी नाही." तो पोरगा पुढे निघूनही गेला होता. मी कुणाला सांगत होते कोण जाणे. उलट दारात पार्सल राहिलं तर आत उचलून ठेवणारे, बर्फात पाय घसरला तेव्हा घरापर्यंत हात धरून आणणारे, यांतले बरेच ‘त्या’ वस्तीतले, कारण मी तिथे राहत होते. ओडबीत राहिले असते तर ओडबीतले असते. याचा फार अर्थ काढू नकोस.

नवऱ्याला काय सांगायचं ते तू बघ. मी माझ्या नवऱ्याला काही सांगू शकलेली नाही, मी काय सल्ला देणार. पोरगं आता सहावीत आहे, सप्टेंबरात मोठ्या शाळेत जाईल. त्याची फाईल बरोबर जाणार का, हे विचारायला शाळेला मेल लिहून ठेवलाय. पाठवलेला नाही. तो आणि मालकांचा नातू समोरासमोर आले की मान हलवतात, मोठ्या माणसांसारखी.

घराचं मात्र एक आहे. मागच्या आठवड्यात मालकीणबाईंचा निरोप आला, बऱ्याच महिन्यांनी. आमची ती जुनी जागा मार्चअखेर रिकामी होतेय, तुमच्या हॉस्पिटलातलं कुणी चांगलं असेल तर सांगा. दोन बेडरूम, मागे अंगण, हॉस्पिटल पायी पंधरा मिनिटं, शाळा चार मिनिटं, बॉयलर अजून तोच जुना. भाडं बेलग्रेव्हपेक्षा कमी सांगतील. हवा असेल तर नंबर देते, माझं नाव सांग. ह्यांनी विचारलं मालक कोण, तर गुजराती आहेत म्हण. खोटं होणार नाही.